अण्णांच्या हातातलं काम काढून घेऊ नका

आलेला प्रश्न थोडक्यात असा. इंदिरानगरमधल्या एका ताईंचे सासरे ७४ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. वर्षभरापूर्वी अल्झायमरचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. एकच प्रश्न दहादा विचारतात. संध्याकाळ झाली की ‘ड्यूटीला निघायचंय’ म्हणत चपला घालून दाराशी उभे राहतात. पैसे चोरल्याचा आळ सासूबाईंवर घेतात, आंघोळीचं नाव काढलं की चिडतात. सासूबाईंना बीपी आणि गुडघेदुखी. नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, नणंद पुण्याला. ताई स्वतः एका पतसंस्थेत नोकरी करतात. त्यांनी विचारलंय : मेंदूचे व्यायाम नाशिकमध्ये कुठे करून घेतात, घरी काय करता येईल, आणि मला नोकरी सोडावी लागेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी सोडू नका, निदान या टप्प्यावर तरी नाही. हा आजार कित्येक वर्षं घरात मुक्काम ठोकतो. पहिल्याच वर्षी सुनेने राजीनामा दिला की बाकीचे सगळे हळूच मोकळे होतात, आणि पुढे खरोखर माणूस ठेवायची वेळ येते तेव्हा त्याला द्यायला घरात पैसा नसतो. तुमचा पगार हा अण्णांच्या सेवेचाच भाग आहे, हे नवऱ्याला आणि नणंदेला एकदा समोर बसवून सांगा. (तुम्ही त्यांना अण्णा म्हटलंय, म्हणून मीही तेच म्हणते.)

आता व्यायामाचं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजाराने अवघड झालेली रोजची कामं माणसाला परत जमावीत यासाठी मदत करते. लकवा, डोक्याला मार लागलेले आणि डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे पेशंट (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराला हाच प्रश्न असतो, आणि बऱ्याच जणांनी येण्याआधीच मोबाईलवर पैसे भरून एखादं ब्रेन गेमचं अ‍ॅप घेतलेलं असतं. सुडोकू रोज सोडवला तर माणूस सुडोकूत थोडा तरबेज होतो. त्यामुळे गॅस बंद करायची आठवण राहील, असं काही होत नाही. ज्याला आयुष्यभर शब्दकोड्याची आवड आहे त्याने ते खुशाल सोडवावं. अण्णांना आवड नसेल तर त्यांच्यापुढे ते मांडून रोज नापास करण्यात काही हशील नाही. गटात बसून गप्पा, गाणी, जुने फोटो, बातम्यांवर बोलणं अशी सत्रं असतात, त्यांना कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन म्हणतात. सौम्य आणि मध्यम टप्प्यात त्यांचा थोडा पण खरा फायदा होतो, मूडही सुधारतो. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात तासभर नेऊन बसवलं तरी यातलं अर्धं काम होतं. फक्त संघातल्या एकदोघांना आधी कल्पना द्या.

पण पुनर्वसन म्हणजे गेलेली आठवण परत आणणं, ही अपेक्षा मनातून काढून टाका. अल्झायमर आधी धरतो तो मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, जिथे नव्या घटनांची नोंद होते. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि एकच प्रश्न दहादा येतो. दहाव्यांदा विचारतानाही त्यांच्यासाठी तो पहिल्यांदाच असतो. हातांना लागलेल्या सवयी मात्र मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, आणि त्या बराच काळ टिकतात. आमचं सगळं काम त्या सवयींवर चालतं.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे यायचे. गोडी छाटणीचे, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीचे दिवस आले की हे रात्री उठून बागेत जायला निघायचे. मुलांनी कात्र्या लपवल्या, दाराला कुलूप घातलं, मग घरात आरडाओरडा, एकदा तर मुलावर हात उगारण्यापर्यंत मजल गेली. मी मुलांना सांगितलं की बागेतून छाटलेल्या काड्यांची मोळी आणा, ओट्यावर सावलीत टाका, एक जुनी कात्री द्या आणि कुणीतरी शेजारी बसा. आजोबांना महिना सांगता येत नव्हता, नातवाचं नाव येत नव्हतं. पण काडी हातात आल्यावर अंगठ्याने काडीवरचा एकेक डोळा (जिथून कोंब फुटतो तो) चाचपत ते बरोबर डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून काप घ्यायचे, आणि काप तिरका. सकाळी दोन तास हे काम झालं की संध्याकाळी माणूस शांत. रात्रीचं निघणं पूर्ण थांबलं नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं.

आपल्याकडे होतं नेमकं उलटं. निदान झालं की माया म्हणा, घाई म्हणा, आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घेतो. हिशेबात चूक झाली, वही बंद. दिवा लावताना तेल सांडलं, पूजा सुनेकडे. भाजी आणायला गेले आणि उशीर झाला, बाहेर जाणं बंद. सहा महिन्यांत तो माणूस खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत असतो आणि आपण म्हणतो, आजार वाढला. त्यातलं किती आजाराचं आणि किती आपलं, हे वेगळं काढायला आम्हालाही अवघड जातं. तुम्ही लिहिलंय की अण्णा पूर्वी हिशेब ठेवायचे, देवपूजा करायचे, कुंड्यांना पाणी घालायचे आणि आता ‘काहीच करत नाहीत’. माझा पहिला प्रश्न : करत नाहीत, की आपण करू देत नाही?

परत द्यायचं ते तुकड्यातुकड्याने. पूजेचंच घ्या. आपल्याला ते एक काम वाटतं, पण त्यात वीसेक पायऱ्या असतात : सोवळं किंवा धुतलेला पंचा, ताम्हन काढणं, देव ताम्हनात ठेवणं, पाणी, पुसणं, परत जागेवर मांडणं, गंध, फूल, वात, काडी, नैवेद्य. अण्णा कुठे अडकतात ते दोन दिवस नुसतं बघा, मध्ये बोलू नका. बहुतेक वेळा माणूस एखाद्याच पायरीवर अडतो. देव पुसून झाले की पुढे काय ते सुचत नाही, मग तो परत पुसायला लागतो, आणि आपण वैतागून ताम्हन ओढून घेतो. तेवढी एक पायरी तुम्ही करा, बाकी त्यांना करू द्या. सामान एका ताटात, वापरायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडून ठेवा. निरांजन पेटवताना शेजारी उभ्या राहा, कारण सुती पंचा आणि काडेपेटी ही जोडी बेभरवशाची. एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही तर सगळं तुम्ही करा आणि शेवटचं फूल वाहणं त्यांच्या हाती ठेवा, म्हणजे काम पूर्ण झाल्याचं समाधान त्यांच्याकडे राहतं. देवांचा क्रम चुकला तर चुकू दे. कुठल्याही देवाने यावरून तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

प्रेसमध्ये ते कोणत्या खात्यात होते ते लिहिलं नाहीत. मोजणी, पॅकिंग, तपासणी असं काही असेल तर कागद हाताळायची त्यांची सवय सोन्यासारखी आहे. रद्दीचे गठ्ठे लावून, टोकं जुळवून सुतळीने बांधायचं काम द्या. रद्दीवाला ते खरंच घेऊन जातो, पैसे त्यांच्या हातात देतो. काम खरं असावं. घातलेल्या घड्या विस्कटून ‘परत घाला’ असलं लुटुपुटूचं काम या माणसांना कळतं, आणि मग ते हात लावत नाहीत.

नवं काही शिकवायचंच असेल तर एका वेळी एकच, आणि तेही रोज उपयोगाला येणारं. समजा, चष्मा कुठे हे सारखं विचारतात. चष्म्याला एकच जागा ठरवा, टेबलावरचा निळा डबा. ‘अण्णा, चष्मा निळ्या डब्यात असतो. चष्मा कुठे असतो?’ लगेच विचारा. मग अर्ध्या मिनिटाने, मग एक, दोन, चार, आठ मिनिटांनी, मध्ये इकडच्या तिकडच्या गप्पा. उत्तर चुकायला लागतंय असं दिसलं की अंदाज बांधायला लावू नका, स्वतःच सांगा आणि मागच्या जमलेल्या अंतरावर परत या. या मेंदूत बरोबर गोष्टीसारखी चूकही रुजते, आणि एकदा रुजलेली चूक काढणं फार अवघड जातं. म्हणून ‘आठवा बरं, आठवा’ हे घरातून हद्दपार करा.

त्याच पठडीतला दुसरा छळ म्हणजे पाहुण्यांचा. दारातून आत येता येता प्रत्येक जण विचारणार : ‘काय अण्णा, मला ओळखलंत का?’ हेतू चांगला असतो, पण चारचौघांत माणसाची तोंडी परीक्षा घेतल्यासारखं होतं ते. अण्णा कसनुसं हसून वेळ मारून नेतात आणि पाहुणे गेल्यावर तासभर अस्वस्थ राहतात. येणाऱ्याला फोनवरच बजावून ठेवा की आल्या आल्या स्वतः सांगायचं : ‘अण्णा, मी सुधा, तुमच्या मोठ्या भावाची मुलगी, सिन्नरहून आलेय.’

व्यायामाच्या भानगडीत पडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. निदानाच्या वेळी झाल्या असतील, तरी पुन्हा विचारा. बी-१२ आणि थायरॉईड. अण्णा शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ हमखास बघा. कान आणि डोळे. कानात मळ साचलाय म्हणून प्रश्न कळत नाही, आणि घरचे समजतात विसरले. बहिरेपणा हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठं कारण आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने अशी १४ कारणं दिली, त्यात ऐकू कमी येणं आणि न उपचारलेली अधू नजर दोन्ही आहेत. मोतीबिंदू असेल तर ‘आता या वयात कशाला’ म्हणू नका. तिसरं, गोळ्या. सर्दीच्या साध्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखी झोप आणणारी औषधं असतात, लघवी वारंवार होण्यावरच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, या सगळ्यांनी गोंधळ वाढतो. मेडिकलमधून परस्पर आणलेलं काहीही देऊ नका. चालू गोळी मात्र मनाने एकदम बंदही करायची नाही. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अल्झायमरमध्ये माणसाची घसरण हळूहळू होते. काल बरे असलेले अण्णा आज अचानक बरळायला लागले, दिवसभर गुंगीत राहिले किंवा भिंतीवर माणसं दिसायला लागली, तर ते ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, किंवा काही आठवड्यांपूर्वी पडले तेव्हा डोक्यात साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं आणि बहुतेकांवर इलाज आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आता संध्याकाळची ड्यूटी. ‘अहो, तुम्हाला रिटायर होऊन चौदा वर्षं झाली’ हे वाक्य खरं असलं तरी उपयोगाचं नाही. त्यांच्या डोक्यात पाळीची वेळ झालेली आहे आणि आपल्याला कुणीतरी अडवतंय, एवढंच त्यांना कळतं. वाद घातला की आवाज चढतो. त्याऐवजी त्यांच्या बाजूला उभ्या राहा : ‘कुठली पाळी आज? बरोबर कोण कोण असायचं?’ चहा घेऊन जा म्हणा. दहा मिनिटं बोलणं झालं की बऱ्याचदा निघायची निकड ओसरते. नाही ओसरली तर बरोबर चपला घालून खरंच निघा, कॉलनीला एक फेरी मारा आणि परत या. पण खरा इलाज दुपारी चारला करायचा असतो. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर नको. साडेचारला चहा आणि खाणं, पाचला जॉगिंग ट्रॅकवर चालणं, आणि अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावलेले. तिन्हीसांजेला अर्धवट उजेडात सावल्या हलतात, खिडकीच्या काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं, त्याने ही माणसं बावचळतात. त्याच वेळी टीव्हीवर तावातावाने चाललेली चर्चा असेल तर ती बंद करा. निरोगी माणसालाही ती सोसत नाही.

चपला दाराशी दिसल्या की निघायची आठवण होते, म्हणून त्या कपाटात ठेवा. तरीही कधीतरी ते निघतील हे धरून चाला. शर्टच्या खिशावर आतल्या बाजूने तुमचा मोबाईल नंबर शिवून घ्या. वॉचमन, किराणावाला, नाक्यावरचे रिक्षावाले यांना फोटो दाखवून सांगून ठेवा. लोक काय म्हणतील यापायी लपवणारी घरं मी पाहते, आणि नेमकं त्याच घरातला माणूस हरवला की शोधायला कुणी नसतं. लपवण्यासारखं खरं तर काही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. तुमच्या गल्लीतही आणखी कुणीतरी असणार. हरवले तर चोवीस तास वाट बघायची असते हा गैरसमज आहे, लगेच ११२ ला फोन करा. अशी माणसं बहुधा जुन्या ओळखीच्या वाटेने जातात, तेव्हा नाशिकरोडच्या बाजूला, प्रेसच्या गेटकडे आधी बघा. आणि सिंहस्थाच्या पर्वणीला, कितीही हट्ट केला तरी, रामकुंडाकडे नेऊ नका. गोदास्नान एरवीच्या एखाद्या सोमवारी सकाळी, घाट रिकामा असताना घडवा.

चोरीचा आळ सासूबाईंवर येतो, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. पाकीट कुठे ठेवलं हे आठवत नाही, ठेवलं होतं हे मात्र पक्कं माहीत असतं, मग मधली रिकामी जागा मेंदू ‘कुणीतरी घेतलं’ने भरून काढतो. आणि घरात सारखं जवळ असतं कोण? बायको. शपथा घेऊन, रडून, हिशेब दाखवून हे मिटत नाही. ‘पाकीट सापडत नाही का? चला, शोधू या,’ एवढंच म्हणा आणि शोधताना त्यांनाच सापडू द्या. त्यांच्या ठरलेल्या लपवायच्या जागा तीन-चारच असतात : गादीखाली, देव्हाऱ्यामागे, कपड्यांच्या घडीत. पाकिटात दहा-वीसच्या नोटा कायम ठेवा, रिकामं पाकीट आग लावतं. तसंच दिसणारं दुसरं पाकीट आणून ठेवलं तर फारच उत्तम. एक मात्र आहे, प्रत्येक वेळी भ्रमच असतो असं धरू नका. पेन्शनच्या खात्याचं पासबुक महिन्यातून एकदा तुम्ही बघत जा. घरी येणारे-जाणारे आणि फोनवरून ओटीपी मागणारे भामटे अशीच माणसं हेरतात.

आंघोळ. तुम्ही लिहिलंय की सकाळी सातला रोज युद्ध होतं. सातला का? सासूबाईंना विचारा, ड्यूटीच्या दिवसांत अण्णा आंघोळ कधी करायचे? पाळीची नोकरी केलेली बरीच माणसं घरी परतल्यावर करायची. तसं असेल तर त्यांचं शरीर दुपारी किंवा संध्याकाळी आंघोळीला राजी होईल. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवसांत बाराच्या उन्हात करा. ‘चला आंघोळीला’ म्हणायच्या आधी सगळी तयारी झालेली हवी : बादली भरलेली, पाण्यात आपलं कोपर घालून तपासलेलं, पाठ टेकायला येईल अशी प्लास्टिकची खुर्ची, खाली रबरी मॅट, कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक, बनियन सगळ्यात वर. आतली कडी काढून टाका. पहिला तांब्या कधीही डोक्यावर ओतू नका. वरून अचानक पाणी आलं की अंगावर कुणीतरी धावून आल्यासारखं त्यांना वाटतं, आणि मग ते हात चालवतात. पायावर ओता, तांब्या त्यांच्याच हातात द्या, मग गुडघे, मांड्या, खांदे. साबण हातात द्या आणि थांबा. एका वेळी एकच वाक्य, ‘अण्णा, हे धरा’, आणि मनात दहा आकडे मोजा. त्यांच्या मेंदूला शब्द पोचायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात दुसरी सूचना देऊन पहिली पुसून टाकतो. उघडं बसायला संकोच वाटत असेल तर मांडीवर पंचा राहू द्या, त्यावरूनच पाणी घाला. आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा नीट आंघोळ आणि मधल्या दिवशी गरम पाण्याच्या टॉवेलने अंग पुसलं तरी त्वचा चांगली राहते.

संडासात पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं त्यांना दिसत नसेल, तर कमोडला गडद रंगाची सीट बसवा. रात्री खोलीपासून संडासापर्यंत मंद दिवा. पायपुसणी आणि सुटे गालिचे उचलून टाका.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, तो तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा प्रांत. डोनेपेझिल, मेमँटिन ही औषधं काही जणांत काही काळ घसरण सावरून धरतात, आजार परतवत नाहीत. चिडचिडीवर शांत करणारी औषधं सुचवली गेली तर ‘किती दिवसांसाठी, आणि कमी कधी करायची?’ हे तिथेच विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांत या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती कमीत कमी डोसमध्ये, कमीत कमी दिवस द्यायची असतात. स्मरणशक्तीचे चूर्ण-काढे कुणी आणून दिले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

आता सासूबाई. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला पेशंट दोन दिसले. ‘मला काय धाड भरलीय, मी करते सगळं’ असं त्या म्हणत असणार. पण स्वतःची बीपीची गोळी विसरणं, रात्री तीनदा उठणं, भजनाला जाणं बंद होणं, उगाचच रडू येणं, यातलं काय काय चालू आहे ते बघा. पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याने चोर म्हणणं ही साधी गोष्ट नाही, आणि ‘आजार आहे हो, मनावर नका घेऊ’ म्हटल्याने ते मनावर घेणं थांबत नाही. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. सुनेपेक्षा पांढऱ्या कोटाचं जास्त पटतं, निदान आमच्या पिढीपर्यंत तरी. आठवड्यातल्या दोन दुपारी त्यांच्या, काहीही झालं तरी. भजनी मंडळ, माहेरची बहीण, नुसती झोप, काय करायचं ते त्या ठरवतील. अण्णांना उठवताना दंडाला धरून ओढू देऊ नका, त्यांचे गुडघे आणि अण्णांचा खांदा दोन्ही जातील. अण्णांना खुर्चीच्या कडेला सरकायला लावायचं, पावलं मागे, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि हातांवर जोर देऊन उठायचं. खुर्ची हाताची आणि थोडी उंच हवी. हे एकदा एखाद्या थेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

राग सगळ्यांना येतो. हात उचलावासा वाटला तर खोलीबाहेर जायचं, अण्णा सुरक्षित बसलेले आहेत एवढं बघून. असं वाटणं हे थकल्याचं लक्षण आहे, आणि ते बोलता यावं म्हणून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत काळजीवाहू माणसाने स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला तर काही बिघडत नाही, उलट काढावाच.

डे-केअरची सोय नाशिकमध्ये गरजेच्या मानाने फार तोकडी आहे, त्यामुळे बहुतेक भिस्त घरी ठेवलेल्या माणसावर. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी किंवा मामा, म्हणजे सेवेला बाई किंवा पुरुष घेताना लोक सरसकट रात्रीची किंवा चोवीस तासांची मागणी करतात. तुमच्या घरी अवघड वेळ दुपारी चार ते रात्री आठ आहे. तेवढ्याच वेळेला, आठवड्यातले सहा दिवस, एक धडधाकट मामा ठेवा. खर्च आवाक्यात राहतो, चालणं आणि आंघोळ दोन्ही त्याच्या वेळेत बसतं, आणि तुम्ही कामावरून घरी याल तेव्हा घर पेटलेलं नसेल. पोलीस पडताळणी करून घ्या. पहिले दोन-तीन दिवस घरातलं कुणीतरी बरोबर राहा. एका कागदावर लिहून द्या की यांना अण्णा म्हणायचं, चहा बिनसाखरेचा, प्रेसच्या गोष्टी काढल्या की खुलतात, उजव्या कानाने कमी ऐकतात, वगैरे.

पुण्याच्या नणंदेला फोनवरून सल्ले देण्यापलीकडे नेमून काम द्या. औषधं मागवणं, अपॉइंटमेंट, बँकेची कामं तिथे बसून होतात. शिवाय महिन्यातला एक शनिवार-रविवार इथे मुक्काम, तारीख आधीच ठरलेली.

कागदपत्रांचं मात्र आत्ताच करा, याला थांबता येत नाही. अनेक घरं मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच ते निकामी होतं. नंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. म्हणून अण्णांना अजून कळतंय तोवर, त्यांच्या मर्जीने, मृत्युपत्र करायचं असेल तर ते करून घ्या आणि त्या दिवशीचं डॉक्टरांचं मानसिक क्षमतेचं प्रमाणपत्र जोडा. बँक खातं सासूबाईंबरोबर संयुक्त, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं आहे ना, नॉमिनी आणि फॅमिली पेन्शनच्या नोंदी बरोबर आहेत ना, हे बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खाली, पुढे आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे आधी लिहून ठेवता येतं. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेच्या रांगेत उभं करू नका, मोबाईलवर चेहरा दाखवून तो घरूनच भरता येतो. वकिलाकडे जाताना ‘बाबांना काही कळत नाही’ असं त्यांच्यासमोर म्हणू नका. कळतं, बरंच कळतं.

हे सगळं एकदम सुरू करायचं नाही. पहिले पंधरा दिवस फक्त संध्याकाळचं वेळापत्रक आणि आंघोळीची वेळ बदला, आणि पूजेचं ताट परत त्यांच्यासमोर ठेवा. एका वहीत रोज चार ओळी लिहा : काय झालं, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, आणि कशाने शांत झाले. माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुठल्या थेरपिस्टकडे जा, येताना ती वही, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (सासूबाईंच्यासुद्धा, दोघांच्या डब्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे), जुने रिपोर्ट, अण्णांचा चष्मा आणि आंघोळीच्या जागेचे मोबाईलवर काढलेले दोन-तीन फोटो बरोबर घ्या. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची मागा, संध्याकाळची नको. सासूबाईंनाही आणा. त्यांच्याशी मला दहा मिनिटं वेगळं बोलायचं असतं.